टपावरून आत उतरणारी वायर

रामनवमी जवळ आली की पुसदहून पोहरादेवीच्या यात्रेला बंद बॉडीच्या पिकअप निघतात. कुणात खेळणी, कुणात बांगड्या, कुणात भांडी. माल मागे आणि संसारही मागेच. दिवसा मागचा फाळका पाडून धंदा करायचा, रात्री त्याच पत्र्याखाली अंथरूण टाकायचं. नवरात्रात अशाच गाड्या माहूरच्या गडाखाली उभ्या असतात आणि उरलेले दिवस आठवडी बाजारांचे. परदेशात लोक सुटी घालवायला चाकांवरचं घर गाडीमागे जोडून नेतात. महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण आपल्या भागात गाडीत झोपणारी माणसं बहुतेक पोटापाण्यासाठी फिरतात, आणि रात्री त्यांची मागणी फार नसते: दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइलला चार्जिंग.

एवढ्यासाठी टपावर 100 वॅटचं एक सोलर पॅनल पुरतं. पॅनल, चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी या तिन्ही गोष्टी पैसे मोजले की मिळतात. टपावरची वायर आत कशी आणायची हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही. चांगलं पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. खोळंबा होतो तो बहुधा त्या बोटभर भोकापाशी. तिथून पाणी येतं, तिथं वायर कापली जाते, तिथूनच पत्रा सडायला लागतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्या भोकाचा आहे.

आधी गरजेचा हिशेब उरकून घेऊ. बारा व्होल्टवर चालणारा 28 वॅटचा बीएलडीसी पंखा रात्री सहा तास चालला तर 168 वॅट-तास. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे चार तास, म्हणजे 72. दोन मोबाइलचे मिळून 30 धरा. सगळे मिळून 270. शंभर वॅटचं पॅनल टपावर आडवं ठेवलं आणि दिवसाकाठी साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरलं, तर उष्णता, धूळ आणि बॅटरीतली तूट वजा जाता सुमारे 300 वॅट-तास हाती येतात. जमतं, पण उधळपट्टीला जागा नाही. पावसाळी झड लागली की पंखा बंद ठेवावा लागेल, हे आधीच मान्य करावं. बॅटरी लेड-ॲसिड असेल तर 75 अँपिअर-तासांची घ्यावी आणि निम्मीच वापरावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची 50 ची तेवढंच काम करते, वजनाला हलकी असते, फक्त किमतीला जड.

आता टप. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खाली चार बोटं तरी मोकळी हवा खेळली पाहिजे. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान 25 अंश असतानाचे असतात. पुसदच्या मे महिन्यात हवाच 43-44 अंशांवर असते आणि काळ्या सेलचं तापमान 65 च्या पुढे जातं. दर अंशामागे ताकद साधारण 0.35 ते 0.4 टक्के उतरते. चाळीस अंशांचा फरक म्हणजे पंधरा टक्के वीज नुसती तापल्याने गेली. खाली वारा फिरत असेल तर हा तोटा थोडा आवरतो.

वाऱ्याचं दुसरं तोंडही लक्षात ठेवावं लागतं. शंभर वॅटचं काचेचं पॅनल 7-8 किलोचं असतं, दोन माणसं सहज उचलतात. पण गाडी ताशी 80 किलोमीटरने निघाली आणि ते पॅनल वाऱ्याच्या तोंडी उभं राहिलं, तर त्याच्यावर सुमारे 18-19 किलोचा जोर येतो. आडव्या पॅनलवर तो कमी असतो, मात्र समोरची कड जरा उचललेली असली की वारा तिच्याखाली शिरतो आणि पॅनल उपटायला बघतो. म्हणून पॅनलचे पाय नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून बसवू नयेत. बॉडीच्या आडव्या पट्ट्या जिथं आहेत तिथंच बोल्ट घ्यावेत आणि आतून पट्टी किंवा मोठा वायसर देऊन स्टेनलेस स्टीलचे नायलॉक नट आवळावेत.

भोकाची जागा ठरवायला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पहिला प्रश्न असा की भोक पाडलंच पाहिजे का? घराला छपरातल्या भोकाशिवाय मार्ग जवळजवळ नेहमीच सापडतो. टिनाच्या घरात वायर टिनातून घेऊच नये. पत्रा जिथं भिंतीबाहेर येतो त्या वळचणीखालून भिंतीत भोक पाडावं, तेही बाहेरून आत चढतं, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बाहेरच राहतं. छपराच्या पत्र्यात भोक पाडणारा वायरमन भेटला तर त्याला खाली उतरवून चहा पाजावा आणि भिंत दाखवावी. गाडीला मात्र वळचण नसते. मागच्या दाराच्या फटीतून वायर घेतली तर दार रोज उघडताना-लावताना ती चेंगरते आणि महिन्या-दोन महिन्यांत आतली तार उघडी पडते. बॉडीला हवेसाठी झरोका असेल तर त्यातून वायर घेता येते. तो नसेल तर टपाला भोक पाडण्यावाचून इलाज नाही.

भोक पॅनलच्या सावलीत, त्याच्या मागच्या कडेच्या जरा आत असावं. तिथं थेट ऊन लागत नाही, सरळ पाऊस पडत नाही आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यातलं पाणी तेवढ्या जोराने आदळत नाही. टपाचा पत्रा पन्हळी असेल तर भोक उंचवट्यावर पाडायचं, पन्हळीत कधीच नाही. पन्हळीतून पाणी वाहतं आणि वाहत्या पाण्याला अडवणारा लेप फार दिवस टिकत नाही. जे-हुक मारणारे जुने मिस्त्रीसुद्धा हुक उंचवट्यावरच घेतात आणि वर डांबराचा वायसर देतात, त्याचं कारण हेच. टप सपाट असेल तर पाऊस पडून गेल्यावर वर चढून बघावं: पाणी कुठं साचून राहिलंय? ती जागा सोडावी. मग आत जाऊन, ठरवलेल्या ठिकाणाखाली आडवी पट्टी, केबिनकडून आलेली दिव्याची वायर किंवा अस्तराचा प्लायवूड येतोय का, ते हाताने चाचपून घ्यावं.

किती मोठं भोक? पॅनलसाठी मिळणारी 4 चौरस मिलिमीटरची सोलर डीसी केबल बाहेरून साधारण 6 मिलिमीटर जाडीची असते. तिला पीजी-9 मापाचं केबल ग्लँड बसतं आणि त्या ग्लँडला 16 मिलिमीटरचं भोक लागतं. वायरी दोन, लाल आणि काळी, म्हणून ग्लँडही दोनच. पैसे वाचवायला एकाच मोठ्या ग्लँडमधून दोन्ही वायरी घातलेल्या जागोजाग दिसतात. ग्लँडचं नट आवळलं की आतलं रबर चहूबाजूंनी एका गोल वायरीला कवळतं. तिथं दोन वायरी शेजारी-शेजारी आल्या की त्यांच्या मधे दोन्हीकडे बारीक त्रिकोणी फट राहते. नट कितीही आवळा, ती बुजत नाही, आणि पाण्याला तेवढी वाट भरपूर झाली.

नुसतं ग्लँड टपावर उभं बसवलं तर त्याच्या मानेशी पाणी साचतं. त्यापेक्षा भोकावर एक छोटी एबीएसची डबी पालथी बसवावी आणि ग्लँड तिच्या मागच्या भिंतीत आडवी घ्यावीत. बाहेर कॅम्परच्या टपांवर वापरतात ती तयार डबीही अशीच असते: पुढून उतरती, तोंड मागे. तशी मिळाली नाही तर जाड झाकणाचा पाणीरोधक जंक्शन बॉक्स चालतो. घरातल्या वायरिंगचा साधा पीव्हीसीचा चौकोनी डबा उन्हात ठिसूळ होतो, तो नको. डबी वापरली की पत्र्यातलं भोक दोन्ही वायरींना मिळून एकच लागतं आणि पाणी अडवायचं काम डबीकडे जातं.

भोक पाडण्याआधी त्या जागी मास्किंग टेप चिकटवावी, म्हणजे बिट घसरत नाही आणि रंग उडत नाही. पंचाने खूण, आधी 3 मिलिमीटरचं बारीक बिट, मग पायऱ्यांचं स्टेप बिट. आत कुणीतरी जुनी चादर धरून उभं राहावं. ड्रिल चालू असताना पत्र्याचे चमकते, कुरळे कीस उडतात, टपावर पसरतात आणि पहिल्या पावसात प्रत्येक किसाभोवती तांबूस डाग उमटतो. ते ब्रशने झाडून घ्यावेत, जमलं तर लोहचुंबक फिरवावं. त्यानंतर भोकाची कड. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते. गाडी चालताना हादऱ्यांनी वायर त्या कडेवर घासत राहते. गोल कानस घेऊन कड बोथट करावी, उघड्या पडलेल्या लोखंडाला झिंक प्रायमर किंवा निदान रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत, ते वाळू द्यावेत आणि मगच रबरी ग्रोमेट बसवावं. घाईत गाळली जाते ती हीच पायरी. वरून सगळं छान दिसतं आणि आत पत्रा कुजत असतो.

आता लेप. पुसदमध्ये गळतीवर पहिला हात एम-सीलकडे जातो. नळाच्या सांध्याला ते ठीक आहे, टपाला नाही. मे महिन्याच्या दुपारी रंगवलेला पत्रा 60-65 अंशांपर्यंत सहज तापतो आणि डिसेंबरच्या पहाटे 12-13 वर येतो. पन्नास अंशांच्या या फरकात 3 मीटर लांबीचा लोखंडी पत्रा जवळजवळ 2 मिलिमीटर लांबतो आणि आखडतो, आणि थोडंफार हे दुपार-रात्र रोजच चालतं. एम-सील वाळलं की दगड होतं. पत्रा हलतो, ते हलत नाही, आणि दोघांमध्ये केसाएवढी चीर पडते. इथं रबरासारखा ताणला जाणारा लेप पाहिजे: पॉलियुरेथेन सीलंट किंवा न्यूट्रल सिलिकॉन. सिलिकॉन घेताना नळी उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक जातीचं आहे. काचेला चांगलं, पण जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला त्याचं ॲसिड खातं. न्यूट्रलला तो वास नसतो.

लेप लावायची जागा थिनरने पुसून कोरडी करावी. डबीच्या बुडाला कडेकडेने एक सलग दोरी ओढावी, मधे कुठं तुटू देऊ नये, आणि स्क्रूच्या भोकांभोवती एकेक कडं द्यावं. मग डबी दाबावी. चारी बाजूंनी सीलंट सारखं बाहेर आलं की काम बरोबर झालं. स्क्रू एकदम करकचून आवळू नयेत, सगळा लेप बाहेर पिळला जातो. आधी बेताने आणि दुसऱ्या दिवशी, लेप धरल्यावर, शेवटची पाव फिरकी.

वायर डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा. वायर पॅनलकडून येते, ग्लँडच्या तोंडापेक्षा खाली उतरते आणि मग वर चढून ग्लँडमध्ये जाते. वायरीवरून वाहत येणारा थेंब झोळाच्या तळाशी पडून जातो, चढ चढून ग्लँडपर्यंत जात नाही. यासाठी ग्लँड टपापासून दोन बोटं तरी वर पाहिजे, नाहीतर झोळाला जागाच उरत नाही. मात्र हा झोळ मोकळा लोंबकळू देऊ नये. काळ्या, उन्हात टिकणाऱ्या केबल टायने वायर पॅनलच्या फ्रेमला बांधावी. पांढरे टाय वर्षभरात तुटून पडतात.

क्रमाची एक गोष्ट. पॅनलच्या वायरींना टोकाला एमसी-4 कनेक्टर असतात. ते ग्लँडमधून जात नाहीत. म्हणून आत नेण्याची वायर आधी ग्लँडमधून ओवून घ्यायची आणि तिच्या बाहेरच्या टोकाला कनेक्टर नंतर बसवायचा. तो क्रिंपिंगच्या पक्कडीनेच बसवावा. साध्या पक्कडीने चेपलेली पिन आत सैल राहते, तापते आणि एक दिवस प्लॅस्टिक वितळतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नयेत.

वायर 4 चौरस मिलिमीटरचीच का, घरातली दीडची का नको, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. बारा व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनल खरं तर 18 व्होल्टवर चालतं आणि सुमारे 5.5 अँपिअर देतं. टपापासून कंट्रोलरपर्यंत 6 मीटर, जाऊन-येऊन 12. दीडच्या तांब्याच्या वायरीत या लांबीवर जवळजवळ 0.9 व्होल्ट गळतात, चारच्या वायरीत 0.33. हिवाळ्यात हा फरक जाणवत नाही. पण व्होल्टेजही तापमानाबरोबर उतरतं, आणि 65 अंश तापलेल्या सेलचे 18 व्होल्ट 15 वर आलेले असतात. त्यातून 0.9 गेले की उरले 14.1. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला शेवटच्या टप्प्यात 14.4 च्या आसपास व्होल्ट लागतात. म्हणजे भर उन्हाळ्यात, आकाशात ढग नसताना, पॅनल झगझगीत उन्हात असताना बॅटरी अर्धवट राहते आणि दोष दिला जातो पॅनलला. जाड वायरीने हे टळतं. याच कारणाने, एकट्या 100 वॅटच्या पॅनलला इथल्या उन्हाळ्यात महागडा एमपीपीटी कंट्रोलर घेण्याची निकड मला वाटत नाही. त्याचा फायदा वरच्या जास्तीच्या व्होल्टांतून येतो आणि तेच व्होल्ट ऊन खाऊन टाकतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर घेऊन उरलेले पैसे चांगल्या वायरीत घालावेत.

आतला प्रवास सोपा. वायर लवचीक नळीतून न्यावी, हातभर अंतरावर क्लिप मारावी, कोपऱ्यावर ताणून न घेता सैल वळण द्यावं. माल चढवताना पेटी जिथं आपटते ती बाजू टाळावी. कंट्रोलर बॅटरीच्या जवळ, पण तिच्या डोक्यावर नको, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभरात 15 अँपिअरचा फ्यूज हवाच. शंभर वॅटचं पॅनल शॉर्ट झालं तरी सहा-सात अँपिअरच्या वर देऊ शकत नाही. बॅटरी मात्र शेकडो अँपिअर ओकते आणि फ्यूज नसेल तर वायरीचंच शेगडीचं कॉइल होतं. पॅनलच्या बाजूला बटण लावायचं तर डीसीचं लावावं. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटणातली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही आणि ठिणगी तशीच तेवत राहते.

जोडणीच्या दिवशी पॅनलवर गोधडी टाकावी. मल्टीमीटरने लाल-काळी तपासावी, टोकं उलटी निघाली तर आत्ताच कळतात. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, म्हणजे त्याला व्होल्टेज कळतं, मग पॅनल. सोडवताना उलट: आधी पॅनल, मग बॅटरी. गोधडी काढली की आकडा चढताना दिसतो.

हे सगळं बारा व्होल्टचं आहे, चुकलं तर फ्यूज उडेल किंवा कंट्रोलर जाईल. घराच्या छपरावरची यंत्रणा वेगळी. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि पुसदच्या गच्च्यांवर त्यातून पॅनल लागत आहेत. तिथं चाळीस-चाळीस व्होल्टची पॅनल एकामागे एक जोडून 200-300 व्होल्ट डीसी खाली येतो. तो जीवघेणा ठरू शकतो. तिथं नोंदणीकृत विक्रेत्याचं माणूस येईल, आपण फक्त त्याने भोक कुठं पाडलं आणि कड कानसली का, ते बघावं.

गाडीबाबत कायद्याची एक बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. टपावर पॅनल बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, व्यवसायाच्या गाडीला फिटनेसच्या वेळी हा प्रश्न येतोच.

पाण्याची परीक्षा पावसाची वाट न बघता घ्यावी. लेप दोन दिवस वाळू द्यावा. नंतर आत भोकाभोवती वर्तमानपत्राचा कागद टेपने लावावा आणि वर पाइपने पाणी सोडावं, आधी वरून, मग समोरून, गाडी चालताना पाऊस येतो त्या दिशेने. पंधरा मिनिटांनी कागद काढून उजेडात धरावा. ओल असेल तर कागदावर लगेच दिसते.

नंतरची देखभाल वर्षातून दोनदा. पॅनल पहाटे धुवावं, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. टपावर ताडपत्रीची दोरी किंवा गादीची गुंडाळी पॅनलवर सावली टाकत असेल तर ती हलवावी. सेल एका माळेत असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या सावलीनेही अर्धी वीज जाऊ शकते. मृगाआधी प्रत्येक वायर हलकेच ओढून बघावी, ग्लँडचे नट तपासावेत आणि डबीच्या बुडाशी लेपाच्या कडेत नख घालून बघावं. कड उचलत असेल तर वरून आणखी एक थर फासू नये, त्याने आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. डबी काढावी, जुना लेप पूर्ण खरवडावा, पत्र्याला गंज असेल तर घासून रंगवावा आणि नव्याने बसवावी.